बाकावर बसलेला फलंदाज

६ एप्रिल १९७३. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर न्यूयॉर्क यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिल्याच डावात फलंदाजीला आला. तिन्ही बेसवर त्याचे साथीदार उभे होते. पिचरने चार चेंडू टप्प्याबाहेर टाकले, ब्लूमबर्ग चालतच पहिल्या बेसवर गेला आणि संघाला एक धाव मिळाली. फटका मारलाच नाही, तरी ती बॅट कूपरस्टाउनच्या संग्रहालयात गेली. कारण तो मेजर लीगमधला पहिला 'डेझिग्नेटेड हिटर' होता. पिचरच्या जागी फक्त फलंदाजी करायची, क्षेत्ररक्षणाला उतरायचेच नाही, असा हा खेळाडू.

खरी गंमत पुढेच आहे. डाव संपला तरी ब्लूमबर्ग पहिल्या बेसवर थांबून राहिला, कारण क्षेत्ररक्षणाची त्याची नेहमीची जागा तीच. अरे, बाकावर ये, असे कोच एल्स्टन हॉवर्डला त्याला सांगावे लागले. हा किस्सा खुद्द ब्लूमबर्गनेच सांगितलेला आहे.

ही कल्पना कॉनी मॅक यांनी १९०६ सालीच मांडली होती. अमेरिकन लीगने ती १९७३ मध्ये स्वीकारली, नॅशनल लीगने कायमची २०२२ मध्ये. आयपीएलचा 'इम्पॅक्ट प्लेअर' हा तिचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल.

नियम करणाऱ्यांनी धावांचा विचार केला, बाकावर बसणाऱ्याचा केला नाही. एका सामन्यात चार-पाच वेळा बॅट हाती येते, बाकीचा वेळ रिकामा. अंग थंड पडते, आणि मागचा फटका चुकला असेल तर तोच डोक्यात घोळत राहतो. फ्रँक थॉमससारखा कसलेला फलंदाजही पहिल्या बेसवर खेळताना दर हजार प्रयत्नांत सुमारे ३३७ हिट मिळवी, डीएच म्हणून मात्र २७५ च्या आसपास. वयाचा वाटा त्यात आहेच, पण सगळा दोष वयावर टाकणे मला पटत नाही.

सिअॅटलच्या एडगर मार्टिनेझने या रिकाम्या वेळेचेच काम बनवले. त्याच्या एका डोळ्यात तिरळेपणाचा दोष होता, म्हणून तो रोज डोळ्यांचे व्यायाम करी. टेनिस बॉलवर आकडे लिहून ते मशीनमधून सोडायचे आणि येत्या चेंडूवरचा आकडा वाचायचा, हा त्यातलाच एक. १९९५ मध्ये लीगमधली सर्वोत्तम फलंदाजी सरासरी त्याची होती. तोवर कोणत्याही डीएचला हे जमले नव्हते. आजचे डीएच मधल्या वेळात स्टँडखालच्या जाळीत सराव करतात, सायकल मारतात, पिचरचे व्हिडिओ पाहतात.

मला मात्र आठवतो तो ८ एप्रिल १९७५ चा क्लीव्हलँडचा सामना. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये मेजर लीगची वर्णभेदाची भिंत ओलांडली, पण काळ्या माणसाला मॅनेजरची खुर्ची मिळायला आणखी २८ वर्षे लागली. ती मिळाली फ्रँक रॉबिन्सनला. नाव सारखे असले तरी दोघांचे नाते नव्हते. जॅकी १९७२ मध्येच वारला होता. त्याची पत्नी रेचेल हिने त्या दिवशी पहिला चेंडू टाकला.

मॅनेजर रॉबिन्सनने यादीत डीएच म्हणून स्वतःचेच नाव लिहिले होते. हा डीएच बाकावर रिकामा बसणे शक्यच नव्हते. कोणाला बदलायचे, पिचर थकला का, हे सगळे त्यालाच पाहायचे होते. पहिल्याच खेपेला त्याने होमरन मारला, बेस फिरून डगआउटमध्ये आला आणि पुन्हा मॅनेजरच्या कामाला लागला. क्लीव्हलँडने यांकीजना ५-३ ने हरवले.