पटाशेजारचं घड्याळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घाटातल्या वळणावर एक पाटी हमखास दिसते, 'अति घाई, संकटात नेई'. ती पाटी आमच्या घरातही लावावी असं मला हल्ली वाटू लागलं आहे. माझी नात अकरावीत आहे. रात्रीची जेवणं आटोपली की ती मोबाइलवर बुद्धिबळ खेळायला बसते. तीन मिनिटं तिची, तीन मिनिटं समोरच्याची. समोरचा कधी ब्राझीलमधला असतो, कधी पोलंडमधला. डाव संपला की लगेच दुसरा मांडायचा. एका रात्री ती सलग अकरा डाव हरली आणि रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, वर्षभर रोज खेळतेय. रेटिंग आहे तिथंच आहे. मला हे जमणारच नाही का?"

तिला चटकन काय सांगावं ते मला सुचेना. मी बुद्धिबळ शिकलो ते वाड्याच्या ओट्यावर. तिथं घड्याळ हा प्रकारच नव्हता. देशी पद्धतीचा डाव, प्यादं एका वेळी एकच घर सरकायचं आणि एकेका खेळीसाठी आमचे आजोबा तंबाखू मळून होईपर्यंत थांबायचे. बघ्यांचे सल्ले चालू असायचे ते वेगळेच. मग तीन मिनिटांच्या डावाबद्दल मी काय बोलणार? तेव्हा कपाटातली जुनी पुस्तकं काढली. बुद्धिबळात घड्याळ आलं कसं, ते शोधताना नातीच्या प्रश्नाचं उत्तरही हळूहळू सापडत गेलं.

सुरुवात १८५१ सालापासून करू. लंडनमध्ये त्या वर्षी मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच सुमारास तिथं बुद्धिबळाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. सोळा खेळाडू होते आणि विजेता ठरला जर्मनीचा अडॉल्फ अँडरसन. या स्पर्धेत वेळेचं बंधन नव्हतं. ब्रिस्टलचा एलिजा विल्यम्स एकेका खेळीला इतका वेळ घेई, की समोरच्याचा संयम सुटावा. इंग्लंडचा नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टाँटन तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत त्याच्याकडून हरला आणि त्याच्या संथपणाबद्दल स्टाँटननं कडवट तक्रार केली. हरलेल्या माणसाची तक्रार म्हणून ती सोडून देता येईल, पण तिच्यात तथ्य होतं. विचार करायला अमर्याद वेळ असेल, तर खेळ बुद्धीचा राहत नाही, बैठकीचा होतो.

यावर उपाय निघाला तो वाळूच्या घड्याळाचा. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात दोन्ही खेळाडूंजवळ वाळूची घड्याळं ठेवली गेली. दोन तासांत चोवीस खेळ्या करायच्या असा करार होता. पण वाळूचं घड्याळ सांभाळणं कटकटीचं. आपली खेळी झाली की ते आडवं करायचं, पाळी आली की पुन्हा उभं करायचं, आणि गडबडीत उलटं धरलं गेलं तर सगळाच घोटाळा.

खरी क्रांती झाली १८८३ च्या लंडन स्पर्धेत. मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांच्या कल्पनेतून तयार झालेलं जोडघड्याळ तिथं वापरलं गेलं. लहान मुलांच्या सीसॉसारख्या दांडीच्या दोन टोकांना दोन लंबकाची घड्याळं. आपली खेळी झाली की आपलं टोक खाली दाबायचं. आपलं घड्याळ कलून थांबे आणि समोरच्याचं सरळ होऊन चालू लागे. तासाला पंधरा खेळ्या असा नियम होता. पुढं तबकडीवर चिमुकला झेंडा आला. मिनिटकाटा बाराजवळ येताना तो उचलला जाई आणि वेळ संपताच पडे. 'झेंडा पडला' म्हणजे डाव गेला, मग पटावर वजीर जास्तीचा असला तरी त्याचा उपयोग नाही.

या क्षणापासून बुद्धिबळात एक नवं मोहरं आलं. ते पटावर दिसत नाही, पण दोघांकडेही असतं आणि सारखं झिजत असतं. ते मोहरं म्हणजे वेळ.

एकदा वेळ मोजता येऊ लागल्यावर तो कमी करून पाहण्याचा मोह माणसाला होणारच. क्लबांमधून दर दहा सेकंदांनी घंटा वाजवून खेळण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. घंटा वाजली की खेळी केलीच पाहिजे. पुढं पाच मिनिटांचे डाव रूढ झाले. त्याला नाव पडलं 'ब्लिट्झ', म्हणजे जर्मन भाषेत वीज. आपल्याकडे वर्तमानपत्रांनी त्याला 'विद्युतगती बुद्धिबळ' म्हटलं. १९१४ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये क्यूबाचा कापाब्लांका स्वतः एक मिनिट घेऊन समोरच्याला पाच मिनिटं देत असे आणि तरीही जिंकत असे, अशी आठवण खुद्द अलेखाइननं लिहून ठेवली आहे. हाच अलेखाइन पुढं कापाब्लांकाला हरवून जगज्जेता झाला.

सगळ्यांनाच ही घाई मानवली असं नाही. सोव्हिएत बुद्धिबळाचा शिस्तप्रिय जगज्जेता मिखाईल बोटविनिक याला विद्युतगती डावांचं वावडं होतं. आपण असा डाव शेवटचा खेळलो तो १९२९ मध्ये, रेल्वेगाडीत, असं तो म्हणत असे, हा किस्सा प्रसिद्ध आहे.

आता १९७० च्या एप्रिल महिन्यातलं युगोस्लाव्हियाचं हेर्सेग नोवी हे समुद्रकाठचं गाव डोळ्यांसमोर आणा. पाच-पाच मिनिटांच्या डावांची स्पर्धा. बारा खेळाडू, प्रत्येकाशी दोन डाव. ताल, पेट्रोशियन, स्मिस्लोव्ह हे तीन माजी जगज्जेते मैदानात. अमेरिकेचा बॉबी फिशर तर त्याआधी सुमारे दीड वर्ष स्पर्धांपासून दूर होता. प्रत्यक्षात काय झालं? फिशरनं २२ पैकी १९ गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकाच्या तालला मिळाले साडेचौदा. तिन्ही माजी जगज्जेत्यांना त्यानं दोन-दोन डावांत हरवलं. बावीस डावांत तो फक्त एकदा हरला, कोर्चनॉयकडून. स्पर्धा संपल्यावर त्यानं आपले सगळे डाव पहिल्या खेळीपासून तोंडपाठ सांगितल्याची नोंद आहे.

हा वेग त्यानं कुठून आणला? फिशर केवळ पाच मिनिटांचे डाव खेळून मोठा झालेला नव्हता. सोव्हिएत मासिकं वाचता यावीत म्हणून तो रशियन शिकला होता. जुन्या उस्तादांचे डाव एकट्यानं तासन् तास मांडून त्यानं डोळ्यांखालून घातले होते. हेर्सेग नोवीला पाच मिनिटांत जे दिसलं, त्याची बेगमी अनेक वर्षं सावकाश चालली होती.

आपल्या विश्वनाथन आनंदचंही असंच. चेन्नईच्या ताल चेस क्लबमध्ये झटपट डावांचा धडाका असे. जिंकणारा पटावर बसून राही आणि हरणारा रांगेत मागं जाई. पुन्हा रांगेत उभं राहायचं नसेल, तर जिंकणं भाग होतं. तिथं घडलेल्या या मुलाला पुढं 'लाइटनिंग किड' हे नाव पडलं. १९८७ मध्ये तो ज्युनियर जगज्जेता झाला, १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर. आणि २०१७ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यानं रियाधला जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद पटकावलं. वेग म्हणजे केवळ तरुण हातांची चपळाई असती, तर त्या वयात हे शक्य झालं नसतं.

मग वेग म्हणजे नक्की काय? याचं उत्तर मानसशास्त्रज्ञांनी दिलं आहे. हॉलंडच्या आद्रियान द ग्रूट यांनी १९४६ मध्ये दाखवलं, की श्रेष्ठ खेळाडू सामान्य खेळाडूपेक्षा फार खोलवर मोजत बसतात असं नाही. त्यांना मुळात चांगली खेळी आधी दिसते. पुढं १९७३ मध्ये अमेरिकेत चेस आणि सायमन यांनी एक प्रयोग केला. खऱ्या डावातली, पंचवीसेक मोहऱ्यांची स्थिती फक्त पाच सेकंद दाखवायची आणि ती आठवणीनं पुन्हा मांडायला सांगायची. पहिल्या झलकेत निष्णात खेळाडूनं सोळाच्या आसपास मोहरी बरोबर मांडली, नवख्यानं चार. पण मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे निष्णात खेळाडूची स्मरणशक्ती अचाट नव्हती. आपण जसं अक्षरं न लावता अख्खा शब्द वाचतो, तसा तो पट वाचत होता. १९८८ च्या आणखी एका अभ्यासात दिसलं, की झटपट डावात कच्च्या खेळाडूंच्या खेळ्यांचा दर्जा घसरतो, निष्णातांचा मात्र फारसा बदलत नाही.

इथं माझ्या नातीच्या प्रश्नाची पहिली गाठ सुटली. झटपट डाव म्हणजे परीक्षा. नुसत्या परीक्षाच देत राहिलं आणि अभ्यास केला नाही, तर गुण कसे वाढणार?

पण घड्याळाची कथा अजून संपलेली नाही. फिशरची एक तक्रार होती. दिवसभर उत्तम खेळलेला माणूस शेवटच्या मिनिटात वेळ संपल्यामुळे हरतो, हे त्याला अन्यायाचं वाटे. त्यानं १९८८ मध्ये नव्या घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मिळालं. कल्पना साधी होती. प्रत्येक खेळीमागं काही सेकंद वाढवून मिळायचे. १९९२ मध्ये स्पास्कीशी झालेल्या दुसऱ्या सामन्यात हे घड्याळ वापरलं गेलं. आज जगभर तेच चालतं.

त्याच १९९२ साली इंटरनेटवर बुद्धिबळाचा पहिला सर्व्हर सुरू झाला. तिथं नवीच अडचण आली. खेळी तारेतून पोहोचेपर्यंत सेकंद जात आणि ते खेळाडूच्या वेळेतून कापले जात. डॅनिएल स्लीटर या संगणकशास्त्रज्ञानं त्यावर तोड काढली. प्रवासात गेलेला वेळ खेळाडूच्या खात्यातून वजा करायचा नाही. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढं २००७ मध्ये चेस डॉट कॉम आलं, २०१० मध्ये लिचेस, आणि मग पट खिशात आला.

तंत्र सुधारलं तरी तार तुटायची ती तुटतेच. ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाच्या काळात, ऑलिम्पियाड पहिल्यांदा ऑनलाइन झालं. नाशिकचा विदित गुजराथी आपल्या संघाचा कर्णधार होता. रशियाविरुद्धच्या अंतिम फेरीत इंटरनेट सेवेत जागतिक बिघाड झाला आणि निहाल सरीन व नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव वेळेवर गेले. शेवटी भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक देण्यात आलं.

तीच दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचली. समोर होती कोनेरू हम्पी, २०१९ आणि २०२४ ची जलद बुद्धिबळाची जगज्जेती. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत आणि एकोणीस वर्षांची दिव्या जिंकली, ग्रँडमास्टरही झाली. खुल्या गटाचं जगज्जेतेपदही २००६, २०१२, २०१६, २०१८ आणि २०२३ मध्ये अखेर जलद डावांतच ठरलं होतं. तेव्हा 'हा काही खरा खेळ नव्हे' असं म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना हात झटकता येणार नाहीत.

एवढी उलाढाल केल्यावर मी नातीला चार गोष्टी सांगितल्या. पहिली, आठवड्यात दोन-तीन तरी डाव पंधरा मिनिटांचे, खेळीमागं दहा सेकंद वाढीव घेऊन खेळ. वाढीव सेकंद हे फिशरनं दिलेलं वरदान आहे, ते नाकारू नकोस. दुसरी, हरलेला डाव लगेच पुसू नकोस. संगणकाला विचारण्याआधी तो स्वतः मांड आणि कुठल्या खेळीला घसरलो ते शोध. तिसरी, रोज थोडी कोडी सोडव, पण न घाई करता, उत्तर पूर्ण दिसल्यावरच. राजा-प्यादं आणि हत्ती-प्यादं यांचे शेवट असे पाठ कर, की शेवटच्या दहा सेकंदांत विचारच करावा लागू नये. सुरुवातीच्या खेळ्याही मोजक्याच निवड, म्हणजे पहिल्या मिनिटाची बचत होईल. आणि चौथी, लागोपाठ तीन डाव हरलीस की मोबाइल खाली ठेव. त्यानंतर आपण समोरच्याशी नाही, स्वतःच्या रागाशी खेळत असतो.

"म्हणजे वेगानं खेळायचं असेल तर हळू शिकायचं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, गाणाऱ्यांना विचार. विलंबित नीट झाल्याशिवाय द्रुत कधी रंगतं का?

गेल्या रविवारी ती पंधरा मिनिटांचा एक डाव खेळली. हरली. पण मोबाइल बाजूला ठेवून तिनं माझा जुना लाकडी पट काढला, डाव पहिल्यापासून मांडला आणि एकविसाव्या खेळीपाशी थांबली. "आजोबा, इथं. घोडा इथं न्यायला नको होता."

तिचं रेटिंग वाढेल का, ते मला सांगता येणार नाही. पण वर्षभरात पहिल्यांदाच, आपण का हरलो, हे तिला ठाऊक होतं.