वाचलेल्या कोळशाचा वाटा

शाळा, रुग्णालय, कचेरी अशा सार्वजनिक इमारतींविषयीं एक चमत्कारिक अनुभव सर्वत्र येतो. जुने दिवे, जुने पंखे आणि पाणी चढविणारे जुने पंप यांवर वर्षानुवर्षें पैसा वाया जात असतो, आणि तो जातो हें सर्वांस ठाऊकही असतें. नवीं साधनें घेतल्यास थोड्याच वर्षांत त्यांची किंमत विजेच्या बिलांतून भरून निघेल, हेंही हिशेबानें दाखवितां येतें. परंतु बिलाचा पैसा एका खात्यांतून येतो, नव्या साधनांचा दुसऱ्या. पहिलें खातें दरसाल भरावेंच लागतें. दुसरें बहुधा रिकामें असतें. या पेचांतून सुटण्यासाठीं एक करार निघाला. खर्च त्रयस्थानें करावा, साधनें त्यानेंच बसवावीं, आणि जी बचत होईल तिच्यांतून ठराविक वर्षें आपला पैसा वसूल करून घ्यावा. बचत न झाल्यास तोटा त्याचा. इंग्रजींत यास परफॉर्मन्स कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. मराठींत फलानुसारी करार म्हणतां येईल. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा करार निरनिराळ्या देशांच्या कायद्यांत शिरला. त्याचें बीज मात्र त्याहून दोनशें वर्षें जुनें आहे, आणि तें इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या खाणींत सांपडतें.

कॉर्नवॉलची भूमि तांब्यानें व कथलानें समृद्ध. परंतु तेथें दगडी कोळसा नाहीं. खाण जसजशी खोल जाई, तसतसें तिच्यांत पाणी सांचे, आणि तें उपसण्यासाठीं न्यूकोमेनच्या पद्धतीचें वाफेचें यंत्र अहोरात्र चालवावें लागे. १७१२ सालीं प्रथम उभें राहिलेलें हें यंत्र कोळशाच्या खाणीवर शोभे. कारण तेथें कोळसा फुकटाच्या मोलाचा. कॉर्नवॉलमध्यें तोच कोळसा वेल्सहून जहाजानें आणावा लागे. खाणीचा नफा भट्टींत जळून जातो, अशी मालकांची अवस्था झाली होती.

जेम्स वॉट यानें वाफ निराळ्या पात्रांत थंड करण्याची युक्ति शोधून १७६९ मध्यें तिचा एकाधिकार मिळविला. जुन्या यंत्रांत तोच सिलिंडर दर खेपेस तापवावा व निववावा लागे. वॉटच्या यंत्रांत तो सतत तप्त राही. त्यामुळें कोळसा निम्म्याहूनही पुष्कळ कमी लागूं लागला. १७७५ मध्यें पार्लमेंटनें हा एकाधिकार १८०० सालापर्यंत वाढवून दिला, आणि त्याच वर्षीं बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन वॉटचा भागीदार झाला. १७७७ मध्यें व्हील बिझी नांवाच्या खाणीवर वॉटचें यंत्र चालूं लागलें, आणि कॉर्नवॉलचे डोळे तिकडे वळले.

बोल्टन व वॉट यांनीं यंत्राची किंमत अशी घेतलीच नाहीं. सामानाचा व उभारणीचा खर्च खाणवाल्यानें करावा. नकाशे, कांहीं नाजूक भाग आणि देखरेख भागीदारांची. मोबदला म्हणून, तेवढेंच पाणी उपसण्यास जुन्या यंत्राला जितका कोळसा लागला असता त्यापेक्षां नव्या यंत्रानें जितका वाचविला, त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा दरसाल द्यावा. दोन हिस्से मालकाचे, एक शोधकाचा. आजच्या करारांत बहुधा मूळ भांडवलही कंत्राटदारच घालतो, एवढा फरक आहे. परंतु मोबदला बचतींतून आणि बचतीच्याच प्रमाणांत, हें तत्त्व तेंच.

मात्र येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो. जाळलेला कोळसा तोलतां येतो. न जाळलेला कसा तोलावा? त्यासाठीं आधीं जुन्या यंत्राची परीक्षा हवी. १७७८ मध्यें पोल्डाइस खाणीवरील जुन्या यंत्रांची अशी परीक्षा करून तुलनेचें माप ठरविलें गेलें. मग प्रत्येक नव्या यंत्राच्या तुळईवर खेपा मोजणारें एक उपकरण बसविण्यांत आलें. तें कुलूपबंद पेटींत असे. यंत्राचा आकार आणि खेपांची संख्या यांवरून कोष्टकानें बचत काढीत. आजच्या परिभाषेंत ज्यास आधाररेषा व पडताळणी म्हणतात, तीं दोन्ही अंगें येथें पूर्ण उतरलेलीं दिसतात.

आरंभीं खाणवाले संतुष्ट होते. पण जुनीं यंत्रें मोडीत निघालीं आणि त्यांच्या खर्चाची आठवणही विरली. वाचलेला कोळसा कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. मोजून द्यावयाचा पैसा मात्र दर वेळीं दिसतो. शिवाय अँगलसी बेटावर तांब्याचा विपुल सांठा उघडा पडून तांब्याचा भाव उतरला, आणि खाणी संकटांत आल्या. मोजणीच्या कटकटीला कंटाळून पुष्कळ ठिकाणीं ठोक वार्षिक रक्कम ठरविण्यांत आली. परंतु तीही जाचक वाटूं लागली. बोल्टननें खाणींचे हिस्से स्वतः घेऊन त्यांच्या सुखदुःखांत वाटा उचलला, तरी असंतोष शमला नाहीं. जोनाथन हॉर्नब्लोअर, एडवर्ड बुल अशा स्थानिक यंत्रज्ञांनीं आपापल्या धर्तीचीं यंत्रें उभारलीं, आणि कित्येक खाणवाल्यांनीं देणें थांबविलें. बुलच्या खटल्यांत १७९५ मध्यें न्यायाधीशांचीं मतें समसमान पडलीं. १७९९ मध्यें हॉर्नब्लोअरच्या खटल्यांत निकाल वॉटच्या बाजूनें लागला. पुढच्याच वर्षीं एकाधिकार संपला.

यापुढील भाग अधिक उद्बोधक आहे. भागीदारांची देखरेख उठली, आणि यंत्रांचें काम ढिलें पडूं लागलें. करार संपला कीं काळजीही संपते, याचा तो दाखला होय. तेव्हां १८११ मध्यें जोएल लीन या खाण-अधिकाऱ्यानें एक नवाच उपक्रम आरंभिला. कोणत्या खाणीवरील यंत्रानें ठराविक कोळशांत किती पाणी उपसलें, याचें पत्रक दरमहा छापून सर्वांपुढें ठेवण्यांत येऊं लागलें. कुलूपबंद पेटींतील आंकडा चव्हाट्यावर आला. यंत्रज्ञांत चढाओढ लागली. ट्रेव्हिथिक, वुल्फ यांच्या सुधारणा एका खाणीवरून दुसरीवर झपाट्यानें पोंचल्या, आणि तीसएक वर्षांत कॉर्नवॉलच्या यंत्रांची सरासरी कार्यशक्ति तिपटीहून अधिक वाढली. एकाधिकारानें जें साधलें नाहीं, तें प्रसिद्धीनें साधलें.

१९७३ मध्यें खनिज तेलाचे भाव भडकले, आणि बचतीच्या वाट्याची ही जुनी कल्पना नव्या वेषांत पुढें आली. अमेरिकेनें १९८६ मध्यें कायदा करून आपल्या सरकारी खात्यांस असे करार करण्याची मोकळीक दिली, आणि १९९२ च्या कायद्यानें ती अधिक सुस्पष्ट केली. जर्मनींत बर्लिन शहरानें १९९६ पासून आपल्या शाळा, कचेऱ्या, पोहण्याचे तलाव यांचे गट पाडून प्रत्येक गट एकेका कंपनीकडे सोंपविला. किफायतशीर इमारतींबरोबर बिनकिफायतीच्याही तिला घ्याव्या लागत. तेराशेंहून अधिक इमारतींत ही योजना पोंचली, आणि ऊर्जेच्या खर्चांत सरासरी चतुर्थांशाची बचत झाली.

महाराष्ट्रांतील उदाहरण अकोल्याचें आहे. २००७ मध्यें तेथील महानगरपालिकेनें सुमारें साडेअकरा हजार रस्त्यांवरील दिवे अशाच करारानें बदलून घेतले. सारा खर्च कंपनीनें केला; पडताळून निश्चित झालेल्या बचतीपैकीं ९५ टक्के रक्कम सहा वर्षें तिला द्यावयाची होती. विजेचा खप निम्म्याहून अधिक घटला. भारतांत ऊर्जा-संरक्षणाचा कायदा २००१ मध्यें झाला, आणि २००९ मध्यें सरकारी वीज-कंपन्यांनीं मिळून या कामासाठीं एक स्वतंत्र कंपनी स्थापिली.

तथापि कॉर्नवॉलचा पेच आजही सुटलेला नाहीं. करारानंतर शाळेंत संगणक वाढले, रुग्णालयांत खाटा वाढल्या, उन्हाळा कडक गेला, विजेचा दर चढला, तर मग बचत कशाशीं तोलावयाची? शिवाय बिल कमी आलें म्हणून पुढील वर्षीं खात्याचें अनुदानच कापलें गेलें, तर हप्ता फेडावयाचा कोठून? या प्रश्नांचीं उत्तरें करारावर सही होण्यापूर्वीं लिहिलीं गेलीं नाहींत, तर तीं पुढें न्यायालयांत शोधावीं लागतात; आणि ज्या पैशांत दिवे बदलावयाचे, ते वकिलांच्या पदरीं पडतात.

खाण ही खासगी मालमत्ता होती. तेथील आंकडा गुप्त राहिला, तर नुकसान दोन पक्षांचेंच. शाळा व रुग्णालय हीं लोकांच्या पैशांवर चालतात. तेथें मागील खप किती, आज किती, कंत्राटदारास काय मिळालें आणि लोकांच्या पदरीं काय उरलें, हे चार आंकडे इमारतीच्या दारावर लावतां येण्यासारखे आहेत. वॉटची कुलूपबंद पेटी दोन भागीदारांपुरती होती. सार्वजनिक करारास लीनचें छापील पत्रकच अधिक शोभतें.