भुकेचा निरोप

जाड माणसाला चिडवण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची कधीच टंचाई नव्हती. खादाड, आधाशी, जिभेचे चोचले पुरवणारा, खाऊन खाऊन सुटलेला... या प्रत्येक शब्दात निकाल आधीच लागलेला असतो. वजन वाढले ते स्वभावदोषामुळे, मनावर ताबा नाही म्हणून! सध्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा पणजीच्या कचेऱ्यांपासून गावच्या मांडावरच्या गप्पांपर्यंत पोचली आहे. या औषधांचा मागचा इतिहास चाळला की वाटते, तो निकाल एकदा तपासून पाहायला हवा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिंदितीय' नावाचा अध्याय आहे. आठ प्रकारच्या शरीरांना तिथे निंदित म्हटले आहे आणि त्यांत अतिस्थूल व अतिकृश हे दोघेही येतात. नाव कठोर खरे, पण आतले विवेचन वैद्याचे आहे. अति खाणे, व्यायाम नसणे, दिवसा झोपणे या कारणांबरोबर चरक बीजस्वभावही सांगतो, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृती. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरत राहतो, जठराग्नी चेतवतो, म्हणून खाल्लेले लवकर पचून पुन्हा भूक लागते, असे तो म्हणतो. आजचे शरीरशास्त्र हे असे मांडत नाही. तरीही त्या माणसाची भूक ही शरीरातलीच घडामोड आहे, ही नजर तिथे आहे.

युरोप-अमेरिकेत आधुनिक औषधांची सुरुवात निराळ्या कल्पनेने झाली. शरीर म्हणजे भट्टी, ती मंद जळते म्हणून चरबी साठते, तेव्हा भट्टी पेटवा! १८९१ साली जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरने थायरॉइड मंदावलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला आणि ती सुधारली. लवकरच तो अर्क थायरॉइड ठीक असलेल्या जाड माणसांनाही दिला जाऊ लागला. वजन उतरे, पण छातीची धडधड वाढे आणि स्नायू झिजत.

पुढचा प्रकार याहून भयंकर होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हाताळणारे कामगार घामाघूम होत, वाळत जात, काही तर दगावले. १९३३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कटिंग आणि टेंटर या संशोधकांनी तेच रसायन वजन उतरवण्यासाठी वापरून पाहिले. वर्षभरात अमेरिकेत सुमारे एक लाख लोकांनी ते घेतले असा अंदाज आहे. कित्येकांना मोतीबिंदू झाला, काही जण अंगातल्या उष्णतेनेच मेले. १९३८ च्या नव्या औषध कायद्यानंतर ते बंद झाले.

मग भट्टी सोडून मेंदूला चाबूक मारणे सुरू झाले. अ‍ॅम्फेटामिनने भूक मरे, पण झोपही उडे आणि चटक लागे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या दवाखान्यांतून रंगीबेरंगी गोळ्यांची पुडकी दिली जात. त्यांत अ‍ॅम्फेटामिन, थायरॉइड, लघवी वाढवणारे आणि हृदयावरचे औषध असे सगळेच असे. मृत्यू झाले आणि १९६८ साली सिनेटमध्ये चौकशी झाली. त्यानंतर आलेली 'फेन-फेन' ही जोडगोळी खूपच गाजली. पण हृदयाच्या झडपा बिघडू लागल्यावर १९९७ साली तिच्यातले फेनफ्लुरामिन मागे घ्यावे लागले. रिमोनाबंटला युरोपात २००६ साली परवानगी मिळाली, नैराश्याच्या तक्रारींमुळे २००९ साली तेही गेले. सिब्युट्रामिन आपल्या देशातही विकले जात होते, त्यावर भारत सरकारने २०११ साली बंदी घातली.

मंडळी, ही यादी कंटाळवाणी वाटेल. पण यातले प्रत्येक औषध आपापल्या काळात चमत्कार म्हणूनच आले होते. आणि ज्यांनी ती घेतली ती माणसे मूर्ख नव्हती. लोकांच्या नजरेला कंटाळली होती.

आता नव्या औषधांकडे येऊ. त्यांची गोष्ट एका माशापासून सुरू होते, म्हणजे गोंयकाराला आवडेल अशीच! बॉस्टनमध्ये जोएल हॅबनर यांच्या प्रयोगशाळेत अँगलरफिश या माशाच्या स्वादुपिंडातल्या पेशींवर काम चालले होते. १९८२ साली तिथे ग्लुकागॉन या संप्रेरकाचे जनुक वाचताना त्यात आणखी एका संप्रेरकासारखा मजकूर दिसला. माणसाच्या जनुकात शोधल्यावर मिळाले ते जीएलपी-१. आपण जेवलो की आतड्यातल्या पेशी ते रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला कळवते, पुरे झाले. मराठीत निरोप म्हणजे सांगावा आणि निरोप म्हणजे रजाही. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

अडचण एकच होती. हा निरोप रक्तात दोन-तीन मिनिटांतच पुसला जातो. १९९२ साली न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या वाळवंटी विषारी सरड्याच्या लाळेत तसेच, पण जास्त टिकणारे द्रव्य सापडले. त्यातून २००५ साली मधुमेहावरचे एक्झेनाटाइड आले. मग डेन्मार्कमध्ये लोटे ब्येरे क्नुडसेन यांच्या गटाने लिराग्लुटाइड तयार केले, आणि त्याच कंपनीतून पुढे आठवडाभर टिकणारे सेमाग्लुटाइड आले. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळजवळ १५ टक्के वजन उतरले. भारतात टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये दाखल झाले.

गोव्याचा यात संबंध काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आपल्याच राज्यात आढळले, २६.४ टक्के. त्या टक्क्यांत मीही आहे. डॉक्टरांनी साखर आणि वजन दोन्ही पाहून मला हे इंजेक्शन सुरू केले. दर रविवारी सकाळी पोटात टोचून घेतो. पहिले काही आठवडे मळमळ होती. मग एके दिवशी लक्षात आले की अकरा वाजून गेले, समोर फाईल आहे आणि कँटीनमधली भजी आठवलेलीच नाहीत. वर्षानुवर्षे डोक्यात चालू असलेला एक रेडिओ कुणीतरी बंद केला होता.

सुख वाटले, पण काहीतरी गेलेही. हुमणाचा वास येतो, ओळखीचा वाटतो, पण ओढ लागत नाही. चवथीला आईने पातोळ्या वाढल्या, मी एकच खाल्ली. "बरे नाही का रे तुला?" म्हणून तिने विचारले. आमच्या घरांत माया ताटातूनच बोलते. तिला हे संप्रेरकांचे शास्त्र कसे सांगणार? आता मी तिच्याजवळ बसून पेज जेवतो, थोडी जेवतो, पण उठायची घाई करत नाही. तिला तेवढे पुरते.

दुसरा अनुभव शाबासकीचा. "मनावर घेतलेस म्हणून झाले हो!" असे लोक कौतुकाने म्हणतात. मन तेच आहे, निरोप तेवढा वेळेवर पोचू लागला. जाड असताना दोष मनाला आणि उतरल्यावर श्रेयही मनालाच, म्हणजे जुना निकाल कायमच राहिला की!

इतिहास सावधही करतो. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचे वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश वजन परत आले, असे चाचणीतल्याच लोकांवर दिसले. म्हणजे हा महिन्या-दोन महिन्यांचा कोर्स नव्हे, रक्तदाबाच्या गोळीसारखी दीर्घ सोबत आहे. चरबीबरोबर स्नायूही उतरतात, म्हणून थोडे खाताना मासळी, मूग, अंडी यांना ताटात आधी जागा द्यावी लागते आणि चालणे-वजने उचलणे चुकवता येत नाही. पित्ताचे खडे, उलट्या असे त्रासही आहेत. लग्नाआधी झटपट बारीक होण्यासाठी कुणाच्या सांगण्यावरून हे टोचून घेणाऱ्यांनी डायनायट्रोफेनॉलची हकिगत जरूर आठवावी.

असो. पुढच्या पंगतीत कुणी पानावर थोडेच वाढून घेतले तर आग्रह करू नका, आणि कुणी तिसऱ्यांदा भात मागितला तर हसू नका. दोघांच्याही पोटातून काय निरोप येतो आहे, ते आपल्याला बाहेरून ऐकू येत नाही.