पदवी आणि सनद



कायद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती अखेरीस दोन कागद पडावयाचे असतात. पहिला कागद विद्यापीठ देते. त्यास पदवी म्हणतात. दुसरा कागद त्यास न्यायासनापुढे दुसऱ्याच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार देतो. त्यास आपण सनद म्हणतो. पहिला कागद ज्ञानाचा दाखला आहे, दुसरा अधिकाराचा. आज या दोहोंमध्ये फारसे अंतर उरलेले नाही, म्हणून त्यांतील भेदही आपल्या ध्यानात येत नाही. परंतु आपल्याच नाशकात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या एका विदुषीला पहिल्या कागदापासून दुसऱ्यापर्यंत पोचण्यास जवळजवळ पाव शतक लागले. त्या अंतराचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आपल्या प्रांतात कायद्याच्या पद्धतशीर शिक्षणाचा आरंभ इ. स. १८५५ मध्ये झाला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी हे शिक्षणाचे कैवारी म्हणून प्रसिद्ध होते. ते १८५२ साली स्वदेशी परतले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ निधी जमविला आणि त्यातून न्यायशास्त्राचे एक अध्यापकपद निर्माण झाले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरणारा तो वर्ग म्हणजेच पुढे गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज या नावाने नावारूपास आलेली संस्था होय. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि कायद्याच्या पदवीचा मार्ग खुला झाला. न्यायमूर्ती रानडे १८६६ साली एल्एल्. बी. झाले, लोकमान्य टिळक १८७९ साली.

त्या काळचा कायद्याचा विद्यार्थी बहुधा दिवसभर कोठे तरी शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी करी, सवडीच्या वेळी व्याख्यानांना बसे आणि टर्म भरी. रोमन कायदा, न्यायशास्त्र, हिंदु व मुसलमानी कायदा, करार, पुरावा, मिळकतीची व्यवस्था असे विषय त्यास पाठ करावे लागत. इतके करून पदवी मिळाली, की पुढे काय करावयाचे हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर असे. रानड्यांनी न्यायखात्यात प्रवेश केला आणि १८९३ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. टिळकांनी वकिली केलीच नाही. त्यांनी शाळा काढली, वृत्तपत्र चालविले आणि काही काळ वकिलीच्या परीक्षांस बसणाऱ्यांसाठी लॉ क्लास चालविला. सनद घ्यावी वा न घ्यावी, हा त्यांच्या दृष्टीने मर्जीचा प्रश्न होता. ज्यांस तो मर्जीचा नव्हता, त्यांजकडे आता वळू.

प्रथम एका सर्वनामाची हकीकत सांगितली पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या नियमांत परीक्षार्थी या अर्थी सर्वत्र पुल्लिंगी ‘तो’ योजिलेला होता. मग स्त्रीला परीक्षेस बसता येईल काय, असा प्रश्न उत्पन्न झाला. १८८३ साली विद्यापीठाने ठराव केला, की नियमांतील ‘तो’ या सर्वनामाने, संदर्भ आड येत नसेल तेथे, पुरुष व स्त्री या दोहोंचाही बोध व्हावा. मी जन्मभर मुलांना व्याकरण शिकविले आहे. पण एका सर्वनामाच्या अर्थाने इतकी दारे उघडल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

या दारातून ज्या आत गेल्या त्यांत कॉर्नेलिया सोराबजी या एक होत्या. त्यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले; आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालविल्या. कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी. पदवीपरीक्षेत त्यांनी पहिला वर्ग मिळविला. विलायतेस जाण्यासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती केवळ आपण स्त्री म्हणून आपणास नाकारण्यात आली, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. तेव्हा इंग्लंडातील काही स्नेही मंडळींनी वर्गणी जमविली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल याही होत्या. १८८९ साली बाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

तेथे त्यांनी कायद्याचा अभ्यास आरंभिला. ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ या परीक्षेस तोपर्यंत एकही स्त्री बसली नव्हती. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांच्यासारख्यांचे पाठबळ लाभले, विद्यापीठाने त्यांच्यासाठी खास ठराव केला आणि १८९२ साली बाई ती परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परीक्षा झाली, पण पदवी मात्र मिळाली नाही. कारण स्त्रियांस पदवीदान करण्याचा नियमच तेव्हा ऑक्सफर्डमध्ये नव्हता, तो १९२० साली झाला. म्हणजे मुंबई विद्यापीठ १८८३ सालीच ज्या मुक्कामावर पोचले होते, तेथे पोचण्यास त्या पुरातन विद्यापीठास आणखी सदतीस वर्षे लागली.

१८९४ साली बाई स्वदेशी परतल्या. त्यांनी कायदाच का निवडला, याचे कारण समजून घेतले पाहिजे. सरदारांच्या व जमीनदारांच्या वाड्यांत अनेक विधवा पडद्यात राहत. त्यांच्या नावावर मोठमोठ्या जहागिरी असत. परंतु परपुरुषापुढे यावयाचे नाही, या रूढीमुळे त्यांची वकिलाशी कधी गाठच पडत नसे. कारभारी जो कागद पडद्याआड सरकवी, त्यावर अंगठा उठविणे एवढाच त्यांचा कारभार. आपल्या मिळकतीचे काय झाले हे पुष्कळींना सर्वस्व गेल्यावरच कळे. अशा स्त्रियांजवळ बसून त्यांचे गाऱ्हाणे ऐकू शकेल, अशी कायदा जाणणारी स्त्रीच हवी होती.

१८९६ साली पुण्याच्या न्यायालयात एका आरोपी स्त्रीच्या बचावासाठी बाई उभ्या राहिल्या. पण ती त्या एका खटल्यापुरती न्यायासनाची परवानगी होती, हक्क नव्हता. त्यांनी १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. परीक्षा दिली, १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली आणि दोन्हींत त्या उत्तीर्ण झाल्या. तरीही वकिलांच्या पटावर त्यांचे नाव चढले नाही. शेवटी १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि पुढे सुमारे दोन दशके शेकडो स्त्रियांची व अज्ञान वारसांची कामे त्यांनी पाहिली. पुढे राष्ट्रीय चळवळीविषयी त्यांनी जी मते धारण केली, ती आपणांपैकी बहुतेकांस रुचणार नाहीत. त्या ब्रिटिश राज्याच्या पुरस्कर्त्या होत्या. परंतु त्यामुळे या कामाचे मोल उणे होत नाही.

आता पुन्हा त्या सर्वनामाकडे येऊ. १९१६ साली रेजिना गुहा या कलकत्त्याच्या कायद्याच्या पदवीधर स्त्रीने सनदेसाठी अर्ज केला. १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द होता. आणि कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत, संदर्भ विरुद्ध नसेल तर, स्त्रीचाही समावेश होतो असा सर्वसामान्य नियमही होता. तथापि कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अर्ज फेटाळला. वकिलीच्या धंद्यात आजवर पुरुषच आले. तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या मनात स्त्रिया असणे संभवत नाही, आणि बदल करावयाचा तर तो विधिमंडळाने करावा, असा त्यांचा आशय होता. नियम जवळजवळ तोच. पण विद्यापीठाने त्याचा अर्थ दार उघडण्याकडे केला आणि न्यायालयाने तो मिटण्याकडे केला. शब्दाचा अर्थ कोशात ठरतो असे आपण मानतो. पुष्कळदा तो वाचणाराच्या सवयीने ठरतो.

१९१९ अखेर इंग्लंडात स्त्रियांवरील अशी बंधने उठविणारा कायदा झाला, त्याचे पडसाद येथेही उमटले. १९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियाबाईंना सनद दिली. एल्एल्. बी. होऊन त्यांस तेव्हा चोवीस वर्षे झाली होती आणि वय पंचावन्नाच्या घरात आले होते. त्याच वर्षी पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचा तसाच अर्ज नाकारला. गंगेच्या काठी एका शहरात जी गोष्ट कायदेशीर, तीच खाली दुसऱ्या शहरात बेकायदेशीर, असा हा प्रकार फार दिवस टिकणे शक्य नव्हते. नागपूरचे डॉ. हरिसिंग गौर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न उपस्थित केला आणि १९२३ साली स्वतंत्र कायदा झाला: केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणासही वकिलीस अपात्र ठरविता येणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी आपल्या विद्यापीठाने एका ठरावाने जे साधले, त्यासाठी न्यायालयांच्या बाबतीत अखेर कायदाच करावा लागला.

यानंतरचा मार्ग पुष्कळ सरळ झाला. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकील, प्लीडर, मुखत्यार अशा जुन्या पायऱ्या मोडून एकच अधिवक्तावर्ग निर्माण केला. १९७८ साली श्रीमती सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती झाल्या आणि १९९४ साली त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती. मध्यंतरी १९८९ साली फातिमा बीबी सर्वोच्च न्यायालयात न्यायासनावर बसल्या. आता बारावीनंतर पाच वर्षांचा, किंवा दुसरी पदवी घेऊन तीन वर्षांचा, असे कायद्याच्या अभ्यासाचे दोन मार्ग आहेत आणि २०१० पासून बार कौन्सिलने पदवीनंतरही एक परीक्षा लावली आहे. ही परीक्षा जाचक वाटून कोणी विद्यार्थी कुरकुर करू लागला, तर त्यास एवढेच सांगावे, की ती सर्वांस सारखी आहे. कॉर्नेलियाबाई प्रत्येक परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. अडले होते ते परीक्षेबाहेरच्या गोष्टीपाशी.

आणखी एक गोष्ट सांगून आटोपतो. ज्या पडदानशीन स्त्रियांसाठी बाई कायदा शिकल्या, त्यांचा पडदा आता बहुतांशी गेला आहे. पण न वाचता कागदावर सही करण्याची चाल गेली आहे काय? घर, ठेवी, विमा, वारसाची नोंद यांचे कागद सुशिक्षित कुटुंबांतही पुरुषांच्याच कपाटात असतात, आणि ते पाहण्याची वेळ घरच्या बाईवर येते ती बहुधा दुःखाच्या प्रसंगी. ज्यांच्या घरी कायद्याचा अभ्यास करणारी मुलगी अथवा मुलगा असेल, त्यांनी एखाद्या रविवारी ते कागद तिच्या वा त्याच्या हाती द्यावेत, आणि आई, आजी, मावशी यांना जवळ बसवून ते मोठ्याने वाचवून घ्यावेत. सनद मिळण्यास अवकाश असला तरी एवढ्या कामास ती लागत नाही.