अन्व्याचा मढ

आपल्या सहली वेरूळला गेल्या, अजिंठ्याला गेल्या, दौलताबादचा किल्ला तर तोंडपाठ झाला. अन्व्याला मात्र कुणी नेलं नाही. सिल्लोड सोडून अजिंठ्याकडे जाताना गोळेगावला उजवीकडे वळायचं. भोकरदन तालुक्यातलं हे गाव १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं.

गावकरी ज्याला मढ म्हणतात ते महादेवाचं मंदिर बाराव्या शतकातलं. उंच जोतं, तारेसारखा कोनाकोनांचा पाया, आत कोरीव खांबांची दाटी. गाभाऱ्यात पिंड आहे, पण बाहेरच्या भिंतींवर शंख, चक्र, गदा, पद्म. देऊळ मुळात विष्णूचं होतं, असं अभ्यासक मानतात. देव बदलला तरी दिवा लागत राहिला; माझ्या मते म्हणूनच त्याचे दगड कुणाच्या वाड्याच्या भिंतीत गेले नाहीत.

माझं भांडण आहे ते ‘हेमाडपंती’ या शब्दाशी. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं देऊळ म्हणजे हेमाडपंती, असं आपण परीक्षेत लिहीत आलो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा श्रीकरणाधिप. महादेव गादीवर आला १२६१ मध्ये. अन्व्याचे खांब उभे राहिले तेव्हा हेमाडपंतांचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. अंबरनाथचं शिवालय तर शके ९८२ चं, म्हणजे १०६० च्या सुमाराचं. तेही सर्रास हेमाडपंतीच! माणूस मोठा खरा, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ लिहिणारा. पण दोनशे वर्षं आधीच्या पाथरवटांचं श्रेय त्याच्या खात्यावर कसं? (आमच्या धंद्यात हे नवं नाही. रात्र जागून कोड लिहितो एक, मेलमध्ये नाव दुसऱ्याचं.)

त्या पाथरवटांचं काम बघायचं तर मान वर करावी. छताचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित पुढे सरकवलेला. पुढे आलेलं टोक तोल घालवू पाहतं, तर वरचं वजन मागचं टोक दाबून धरतं. वर्तुळ आक्रसत जातं आणि शेवटी मधल्या एका दगडाने मिटतं. जोडायला चुना नाही, म्हणजे घडाईत राहिलेली फट लिंपून झाकायची सोय नाही.

सध्या शाळेत शिकवणाऱ्यांना एक विनंती: अजिंठ्याच्या पुढच्या सहलीत गोळेगावला गाडी वळवा. मुलांना सभामंडपात उताणं झोपवा आणि छताचे थर मोजायला लावा. डबे नंतर उघडू द्या.