परांचीचा पाईप आणि समुद्राच्या पोटातली वादळं

मागच्या महिन्यात ऑफिसात माझा चांगलाच पोपट झाला. डॅशबोर्डवर सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम एकदम मस्त, आणि इकडे युजर्स वैतागलेले. सरासरीने गंडवलं. तेव्हा मला जॉन स्वॅलो आठवला.

स्वॅलो हा ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञ. वरचं पाणी कुठे वाहतं ते जहाज किती भरकटतं यावरून कळायचं, पण दोन-तीन किलोमीटर खाली काय चाललंय? १९५५ साली याने बांधकामाच्या परांचीला लावतात तसले अ‍ॅल्युमिनियमचे पाईप घेतले, कॉस्टिक सोड्यात टाकून त्यांची जाडी कमी केली आणि टोकं बंद केली. आता गंमत ऐका. खोल जाताना दाबाने पाणी दाट होत जातं. पाईपही आवळतो, पण पाण्यापेक्षा कमी. म्हणून एका ठराविक खोलीवर दोघांची घनता सारखी होते. पाईप तिथेच तरंगतो आणि पाणी नेईल तिकडे जातो. त्यातून निघणारे आवाज जहाजावरून हायड्रोफोनने, म्हणजे पाण्यातल्या माइकने, ऐकायचे आणि त्याच्या मागे फिरायचं.

१९५९ मध्ये 'एरीज' नावाची छोटी शिडाची बोट हे फ्लोट घेऊन बर्म्युडाजवळ गेली. अमेरिकेच्या हेन्री स्टॉमेलचं गणित सांगत होतं, की तिथलं खोल पाणी अगदी संथ, एकाच दिशेने सरकत असणार. म्हणजे फ्लोट सोडा, निवांत परत या, जवळपासच सापडेल. कसलं काय! फ्लोट अपेक्षेपेक्षा दहापट वेगाने पळाले, तेही वेगवेगळ्या दिशांना. मी असतो तर आधी 'सेन्सर बिघडलाय' म्हणून तिकीट उघडलं असतं. त्यांनी मात्र आकड्यांवर विश्वास ठेवला आणि बेत बदलून मोजत राहिले.

ते होते भोवरे. शेकडो किलोमीटर रुंद, महिनोन्‌महिने टिकणारे. समुद्राच्या आतलं हवामानच म्हणा ना! १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रह आला. पाण्याची पातळी कुठे काही सेंटीमीटर वर, कुठे खाली, हे तो रडारने मोजायचा, आणि भोवरे जगभर दिसले.

आज आर्गोचे जवळपास ४००० फ्लोट समुद्रात आहेत. १००० मीटरवर वाहतात, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारतात, मग तेलाची पिशवी फुगवून वर येतात आणि उपग्रहाला डेटा देतात. आपल्याकडे हे काम हैदराबादची 'इन्कॉइस' बघते. डेटा फुकट आहे, बरं का. गेल्या रविवारी मी अरबी समुद्रातल्या एका फ्लोटचा मार्ग नकाशावर काढून बघितला. लहान मुलाने पेन्सिल गिरगटावी तसा दिसत होता.