कुंपणाच्या आतले झाड कोणाचे?

‘जमीन माझी, झाड मी लावले, पाणी मी घातले; मग ते तोडायला पालिकेची परवानगी कशाला?’ सोसायट्यांच्या सभांत हा प्रश्न हमखास निघतो. त्यामागचे गाऱ्हाणे खोटे नाही. छाटणीचा खर्च मालकाने करायचा, फांदी कोणाच्या गाडीवर पडली तर बोलणीही त्यानेच खायची, वर अर्जासाठी हेलपाटे घालायचे. म्हणून लोक मोठी झाडे लावायचेच सोडतात, असे या पक्षाचे म्हणणे.

आधी मालकीचा मुद्दा घेऊ. स्वतःच्या प्लॉटवर किती मजले चढवायचे, सामासिक अंतर किती सोडायचे, हे पालिका ठरवते. तिथे ‘जमीन माझी’ असे कोणी म्हणत नाही, कारण इमारतीचे परिणाम शेजाऱ्यालाही भोगावे लागतात. झाडाची सावली तरी कुठे कुंपण पाहून पडते? मुंबईच्या वृक्षगणनेत सुमारे 29.75 लाख झाडे मोजली गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक खासगी आवारांत आहेत. रस्त्याकडेची दोन लाखही भरत नाहीत. खासगी झाडे कायद्यातून वगळली, तर राखायला उरले काय?

परवानगी मिळतच नाही, हा दुसरा आक्षेप. 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे कलम 8 वाचावे. झाड मेलेले, रोगट किंवा वाऱ्याने उन्मळलेले असेल, जीविताला वा मालमत्तेला त्याचा धोका असेल, तर परवानगी नाकारू नये असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे धरण्याची तरतूदही मूळ कायद्यातच आहे. पाहणीला कोणी फिरकत नसेल, तर दोष कारभाराचा आहे. त्याची शिक्षा झाडाला का?

आता धोक्याविषयी, कारण खरी मेख इथे आहे. पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले जातात. आळ्याची जागा सिमेंटखाली जाते, मुळांपर्यंत ना पाणी पोचते ना हवा. मग ड्रेनेजची लाइन टाकताना एका बाजूची जाड मुळे कुदळीने तोडतात. वर छाटणीवाला शेंडाच उडवतो. त्या खुंटांवर फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि वाढले की वजनाने मोडतात. पुढच्या पावसाळ्यात झाड कलते आणि कमिटी ठराव करते : ‘झाड धोकादायक आहे.’ ते धोकादायक केले कोणी? याच कायद्याने ‘तोडणे’ या शब्दाच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही धरले आहे, हे किती कमिट्यांना ठाऊक असते?

‘एक तोडू, पाच लावू’ हा हिशेबही टिकत नाही. कमरेएवढी पाच रोपे म्हणजे पन्नास वर्षांचा पर्जन्यवृक्ष नव्हे. 2021 च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली, ती याच जाणिवेतून.

निकाल वाचकांनी द्यावा. एवढेच मागणे आहे, की सोसायटीच्या पुढच्या सभेत झाड तोडण्याचा ठराव येईल तेव्हा, हात वर करण्याआधी, खाली जाऊन त्याच्या बुंध्याभोवती सिमेंट कुठपर्यंत आले आहे ते पाहावे.